ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ निबंध व त्याचें रक्षण

इ. स. १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत एक लहानसें पुस्तक छापून निघालें. त्याच्या प्रती ५०० काढल्या होत्या व किंमत नऊ आणे ठेविली होती. पुस्तकाचें नांव ‘स्त्रीपुरुषतुलना’. आणि स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हें स्पष्ट करून दाखविण्याकरितां हा निबंध आहे, असा खुलासा नांवासच जोडलेला होता. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणें, प्रांत वऱ्हाड. सगळ्या प्रती पूर्ण किंमतीस खपल्या असत्या तरी हिशेब २८१ रुपये ४ आण्यांचाच होतो. यावरून हा व्यवहार केवढा लहान होता हें वाचकांच्या ध्यानांत येईल. पुढें ९३ वर्षें हें पुस्तक पुन्हा छापलें गेलें नाहीं. १९७५ सालीं प्रा. स. गं. मालशे यांनीं तें संपादून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातर्फें प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून मराठी गद्याच्या इतिहासांत या निबंधास वगळून पुढें जाणें कोणासही शक्य राहिलेलें नाहीं.

समाजांत रूढ झालेल्या एखाद्या अन्यायाकडे एकटी व्यक्ति लोकांचें लक्ष कसें वेधते, हा प्रश्न बहुधा सभा, संस्था, अर्ज व कायदे यांच्या अंगानें चर्चिला जातो. आमच्या मतें त्याचा एक भाग कागदाच्या इतिहासाचा आहे, आणि म्हणून तो या त्रैमासिकाच्या वाचकांचा विषय आहे. लिहिणारानें लिहिलें म्हणजे निम्मेंच काम होतें. तें कोणीं छापलें, कोणाच्या हातीं पडलें, कोणीं त्याचा उल्लेख केला, आणि शेवटीं कोणाच्या कपाटांत त्याची एखादी प्रत वाळवीच्या तोंडून वांचली, यांवर उरलेलें निम्में अवलंबून असतें. ताराबाईंच्या निबंधाच्या बाबतींत हे दोन्ही भाग बऱ्याच स्पष्टपणें दिसतात. म्हणून तेंच उदाहरण आम्ही घेतलें आहे.

निबंधाचें निमित्त एका फौजदारी खटल्याचें आहे. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाचा वध केल्याचा आरोप आला. सेशन्स कोर्टानें तिला फांशीची शिक्षा सांगितली. अपिलांत मुंबईच्या हायकोर्टानें ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणिली, व पुढें सरकारनें तीही कमी करून पांच वर्षांची केली. अशा गोष्टी त्या काळीं दुर्मिळ नव्हत्या. जोतीराव फुले यांनीं पुण्यास १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें होतें, तें याच कारणास्तव. आणि १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर अभिप्राय देतांना, तोंपर्यंत ३५ गरोदर विधवा त्या गृहाच्या आश्रयास आल्याचें त्यांनीं नमूद केलें आहे. १८५६ च्या पंधराव्या कायद्यानें विधवाविवाह कायदेशीर होऊन या वेळीं पंचवीस वर्षें लोटलीं होतीं. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्यें निघालें होतें. विष्णुशास्त्री पंडित यांची चळवळ व १८७० सालचा पुण्याचा वादही होऊन गेला होता. सारांश, प्रश्न नवा नव्हता व त्यावर शाईही थोडी खर्च झालेली नव्हती.

नवें जें घडलें तें असें. खटल्याचा बोभाटा झाल्यावर ‘पुणेंवैभव’ पत्रानें या एका स्त्रीचें निमित्त करून एकंदर स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले. असले लेख लोक वाचीत व विसरून जात. बुलढाण्यास बसून ते वाचणारी एक स्त्री मात्र विसरली नाहीं. एकीच्या अपराधाचें माप साऱ्यांच्या पदरांत घालावें हा कोठला न्याय, आणि जो अपराध दोघांच्या संगनमतानें किंवा एकाच्या फसवणुकीनें घडतो त्याची शिक्षा भोगावयास एकटी बाईच कां उभी राहते, हा तिचा प्रश्न होता. हायकोर्टानें शिक्षा कमी केली, परंतु त्या अर्भकाच्या बापाचें नांव कोणीं विचारलें नाहीं. निबंधाचा सारा जोर या एका अनुत्तरित प्रश्नांतून आलेला आहे.

ताराबाईंचें चरित्र थोडक्यांत सांगतां येण्यासारखें आहे. त्यांचा जन्म सुमारें १८५० चा. वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्यास सरकारी कचेरींत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाचे सभासद होते, आणि ‘हिंट टु दि एज्युकेटेड नेटिव्ह्ज’ या नांवाचें त्यांचें एक पुस्तक १८७१ सालीं निघालें होतें. मुलींच्या शाळा जेथें नव्हत्या तेथें त्यांनीं मुलीस मराठी, संस्कृत व इंग्रजी घरींच शिकविलें. ताराबाईंचें लग्न होऊन नवरा घरजांवई म्हणून राहिला. मूल झालें नाहीं. बुलढाणें हें त्या वेळीं निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आलेल्या वऱ्हाडांतलें लहानसें ठाणें. पुण्यांतील वसंत व्याख्यानमाला, प्रार्थनासमाजाची सभा किंवा एखाद्या पत्राची कचेरी, यांतलें कांहीं तेथें नव्हतें. होतीं तीं टपालानें येणारीं वर्तमानपत्रें व घरांतलीं पुस्तकें. आपण मराठमोळ्याच्या घरांत कोंडलेली, अनुभव नसलेली स्त्री आहों व हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, असें त्या प्रारंभीं सांगतात. हा विनय रूढीप्रमाणें आहे, परंतु पुढचीं पानें उलटलीं म्हणजे तो विनय किती वेळ टिकला असेल याची शंका येते.

निबंधाच्या नांवांतील ‘साहसी’ हा शब्द आजच्या वाचकांस फसविणारा आहे. आज साहस म्हणजे धाडस, आणि तें प्रशंसेनें म्हणतात. परंतु धर्मशास्त्रांत साहस म्हणजे बळजोरीनें केलेला अपराध. मनूनें मोजलेल्या अठरा व्यवहारपदांत त्याची गणना आहे. स्त्रियांच्या स्वाभाविक दोषांची यादी देणारा जो संस्कृत श्लोक पुराणिकांच्या तोंडीं नेहमीं असे, त्यांतही असत्य, माया, मूर्खपणा, अतिलोभ यांच्या पंक्तीस साहस बसविलेलें आहे. ताराबाईंनीं प्रतिपक्षाचाच शब्द उचलला आणि नांवांतच विचारिलें कीं साहसी कोण. पोथींतला आरोप तसाच मान्य करून आरोपीच्या पिंजऱ्यांत दुसऱ्यास उभें करावयाचें, ही या नांवाची खुबी आहे. १९७५ नंतर ज्यांनीं हा निबंध केवळ ‘धाडस’ या अर्थानें वाचला त्यांनीं त्यांतली निम्मी धार बोथट केली असें आम्हांस वाटतें.

निबंधाची पद्धतिही हीच. स्त्रियांवर ठेवण्यांत येणारे दोष त्या एकामागून एक घेतात आणि प्रत्येकाच्या बाबतींत पुरुषांस विचारितात कीं हा दोष तुमच्यांत नाहीं काय, आणि असलाच तर आमच्याहून शतपट नाहीं काय. स्त्रिया कपटी म्हणतां, तर लांच खाणारे व खोटे कागद करणारे कोण? विधुरानें महिन्याभरांत दुसरें लग्न करावें व विधवेनें जन्मभर अंधारांत बसावें, हें कोणत्या देवानें सांगितलें? सावित्री नवऱ्यासाठीं यमाच्या दरबारापर्यंत गेली. बायकोसाठीं तेथवर जाणारा नवरा कोणीं ऐकला आहे काय? ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या व ‘मनोरमा’ नाटक यांतून स्त्रियांचीं जीं चित्रें काढिलीं आहेत त्यांचाही समाचार त्या घेतात. छापील वाङ्मयाची स्त्रीच्या बाजूनें केलेली टीका मराठींत याहून जुनी दाखवितां येणें कठीण आहे. वेश्यांविषयीं लिहितांना त्या बायकांस तेथवर कोणीं नेलें हें विचारावयास त्या चुकत नाहींत. सुधारकांसही सोडलेलें नाहीं. वर्षानुवर्षें विधवाविवाहावर व्याख्यानें झोडून घरीं मात्र जुनीच रीत चालविणारे गृहस्थ त्यांनीं चांगले हेरले आहेत. आणि पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती न राहतां तालेवार मराठा घराण्यांनींही ती मोठेपणाची खूण म्हणून उचलली, हें स्वतः मराठा घराण्यांत जन्मून त्यांनीं सांगितलें आहे. परक्याचे दोष दाखविणें सोपें असतें. आपल्याच जातीचा दाखला देण्यास जी छाती लागते तिला मात्र साहस हा शब्द आजच्या अर्थानेंही लावावा लागेल.

भाषेविषयीं एक शब्द लिहिणें अवश्य आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेनें त्या दशकांत मराठी निबंधास जें संस्कृतप्रचुर वळण दिलें होतें त्याचा येथें मागमूस नाहीं. हें गद्य चुलीपुढचें, पाणवठ्यावरचें आहे. त्यांत म्हणी आहेत, टोमणे आहेत, मधूनच शिव्याही आहेत. लेखिका वाचकास तोंडावर ‘तुम्ही’ म्हणते, आणि तो वाचक पुरुष आहे हें क्षणभरही विसरूं देत नाहीं. वाद शास्त्रार्थाचा असता तर शास्त्र्यांनीं शास्त्रानें उत्तर दिलें असतें. या बोलण्यास कोणतें वचन काढून दाखवावें हें त्यांस सुचण्यासारखें नव्हतें.

त्या काळीं याचा परिणाम काय झाला? कायदा बदलला नाहीं, चळवळ उभी राहिली नाहीं, पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघाली नाहीं. टीका व कुचेष्टा मात्र झाली, आणि ताराबाईंचें दुसरें पुस्तक पुढें कधीं निघालें नाहीं. तथापि निबंध अगदींच निष्फळ गेला असें जे म्हणतात त्यांनीं जोतीरावांचें ‘सत्सार’ पाहावें. या छोटेखानी पुस्तिकेचे दोन अंक १८८५ सालीं निघाले. पहिल्यांत पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराचा विषय आहे. दुसऱ्यांत जोतीरावांनीं ताराबाईंचा कैवार घेतला आहे, आणि त्यांच्या लेखनावर तोंडसुख घेणारांस, त्यांत आपल्याच चळवळींतलीं माणसें असतांही, त्यांनीं भीड न धरतां फटकारलें आहे. निबंध निघाल्यावर तीन वर्षांनीं कां होईना, पण दुसरा कागद त्याची साक्ष देण्यास उभा राहिला. पुढच्या संशोधकांस या एका उल्लेखाचा जो उपयोग झाला तो शंभर अनामिक वाचकांच्या वाहवेनें झाला नसता.

अशाच दुसऱ्या एकाकी लेखनांशीं ही गोष्ट ताडून पाहिली म्हणजे साधनांचें महत्त्व अधिक कळतें. लोकहितवादींनीं १८४८ ते १८५० या काळांत भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रांत १०८ पत्रें लिहिलीं. ते सरकारी नोकर होते व टोपण नांवानें लिहीत. परंतु त्यांच्यामागें दर आठवड्यास निघणारें पत्र होतें, म्हणून एकच माणूस दोन वर्षें सतत बोलत राहूं शकला. जोतीरावांच्या शाळेंतील मुक्ताबाई ही मांग जातीची कोवळ्या वयाची विद्यार्थिनी. तिनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त आला. तो आज वाचावयास मिळतो याचें श्रेय मिशनऱ्यांनीं आपल्या नियतकालिकाच्या बांधीव फायली नीट सांभाळल्या याला आहे. तो सुटा छापला असता तर काय झालें असतें याची कल्पनाच करावी. ताराबाईंस ‘पहिली’ ठरविणारांनीं मुक्ताबाईची आठवण ठेवावी. असले पहिलेपणाचे वाद आम्हांस फारसे रुचत नाहींत. ते बहुधा उपलब्ध प्रतींचे वाद असतात, विचारांचे नसतात. रखमाबाईंनीं १८८५ सालीं ‘ए हिंदु लेडी’ या सहीनें ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत बालविवाह व वैधव्य यांवर लिहिलें. त्यांचा स्वतःचा खटला कोर्टांत होता, भाषा इंग्रजी होती, पत्र राज्यकर्त्यांच्या टेबलावर जाणारें होतें. म्हणून तीं पत्रें विलायतेपर्यंत गाजलीं आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या चर्चेस त्या खटल्याची पार्श्वभूमि मिळाली. या तिघांच्या तुलनेनें ताराबाईंपाशीं नियतकालिक नव्हतें, मिशन नव्हतें, इंग्रजी पत्र नव्हतें, टोपण नांवाचा पडदाही त्यांनीं घेतला नाहीं. त्यांच्यापाशीं स्वतःचें नांव व पुण्याच्या छापखान्यांतल्या ५०० प्रती होत्या.

आतां संग्राहकांच्या प्रश्नाकडे वळतों. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत सरकारांत द्यावी लागे, व ग्रंथकर्ता, छापखाना, प्रतींची संख्या, किंमत यांची त्रैमासिक यादी निघे. त्यामुळें अनेक पुस्तकांचें नांवगांव तरी राहिलें. पण यादी म्हणजे पुस्तक नव्हे. आमच्या मंडळींत एक समजूत रुजलेली आहे कीं हस्तलिखित तेवढें दुर्मिळ, आणि छापलेलें म्हणजे कोठें तरी मिळेलच. अनुभव याच्या उलट आहे. एखाद्या बखरीच्या पांच-सात नकला निरनिराळ्या दफ्तरांत असतात. एक गेली तर दुसरीवरून पाठ लावतां येतो. नऊ आण्यांच्या पुस्तकाच्या प्रती वाण्याच्या पुड्यांत, रद्दींत आणि पावसाळ्याच्या ओलींत अशा जातात कीं दोन पिढ्यांनंतर शोधणारास एखादीच मिळाली तरी नशीब म्हणावें. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जे रुमाल वांचविले त्यांचें मोल आज सर्वांस पटलें आहे. त्याच घरांच्या माळ्यावर त्या रुमालांशेजारीं पडलेल्या छापील चोपड्यांकडे मात्र कोणाची नजर गेली नाहीं.

यावर कोणी म्हणतील कीं जुन्या कागदांतही स्त्रियांचा इतिहास आहेच. आहे, पण कसा? पेशवाईंतील जमेच्या कागदांत ‘पाटदाम’ म्हणून एक बाब आढळते. विधवेनें पाट लावल्यास सरकारांत भरावयाचा हा कर. त्यावरून कोणत्या जातींत पाट चाले व सरकारच्या लेखीं त्याची किंमत काय होती हें कळतें. जिनें पाट लावला तिला काय वाटलें हें त्या कागदास विचारतां येत नाहीं. तेथें ती जमेची एक ओळ आहे. सुरतेच्या खटल्याच्या कागदांतही विजयालक्ष्मी ही कैदी म्हणूनच येते. सरकारी दफ्तर अन्याय झाल्याची नोंद ठेवील, परंतु तो अन्याय आहे असें म्हणणारा माणूस त्याच्या बाहेर राहतो, आणि त्याचें लेखन बहुधा ज्यास आपण किरकोळ म्हणून टाकून देतों त्याच कागदांत असतें. आम्हांस वाटतें, संग्रहाचा हा दोष विषयाच्या ज्ञानाअभावीं नसून प्रतिष्ठेच्या कल्पनेमुळें आहे. सनदेवर शिक्का असतो, निबंधावर नसतो.

मालशे यांनीं १९७५ सालीं केलेल्या कामाचें मोल याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. तें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलें होतें, म्हणून पुस्तकास वाचकही मिळाला. पुढें १९९१ सालीं सुझी थारू व के. ललिता यांच्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संग्रहांत त्याचा अंश आला, आणि १९९४ मध्यें रोझलिंड ओहॅनलन यांनीं विस्तृत प्रस्तावनेसह संपूर्ण निबंधाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. बुलढाण्याच्या घरांत लिहिलेलीं पानें आतां परदेशांतील विद्यापीठांत वाचलीं जातात. परंतु मूळ वादाची दुसरी बाजू अजून पुरती जुळविली गेलेली नाहीं. ‘पुणेंवैभवा’च्या ज्या लेखांनीं हा निबंध लिहविला ते, त्या वेळच्या इतर मराठी व गुजराती पत्रांनीं खटल्यावर लिहिलेलें मजकूर, आणि निबंधावर आलेल्या टीका, हें सर्व एकत्र ठेविल्यावांचून ताराबाई कोणास उत्तर देत आहेत व त्यांस कोणीं काय उत्तर दिलें हें पूर्ण उमगणार नाहीं.

यास्तव ज्यांच्या संग्रहीं १८८१ ते १८८५ या काळांतील मराठी वर्तमानपत्रांचे सुटे किंवा बांधीव अंक असतील, अथवा वऱ्हाड, खानदेश व पुणें या भागांतील घरांतून आलेलीं जुन्या छापील पुस्तिकांचीं बाडें असतील, त्यांनीं तीं एकवार उलटून पाहावीं व आढळेल तें आम्हांस कळवावें. एका बाडांत पांच-सहा पुस्तिका एकत्र शिवलेल्या असतात व पहिलीच्या नांवावर साऱ्यांची नोंद होते. तेव्हां आंतील प्रत्येकीचें नांव पाहणें जरूर आहे. मुखपृष्ठ गेलें असल्यास शेवटच्या पानावरील छापखान्याचें नांव उतरून घ्यावें. प्रतीवर मालकाची सही, भेटीचा मजकूर किंवा समासांत शाईनें लिहिलेल्या टीपा असतील तर त्या जशाच्या तशा नकलून पाठवाव्या. आणि नवी बांधणी करावयाची असल्यास बाइंडराकडून समास कापूं देऊं नये.